माळ्यावर सापडलेली ठासणीची बंदूक : कायदा काय सांगतो, आणि ती काही कामाची आहे का?

सत्तरीचो_पूत (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गोव्यात वाळपईच्या पुढे आत आमचं जुनं घर आहे. पावसाआधी कौलं परतायला माणसं लावली, तेव्हा माळ्यावर कणगीच्या मागे गोणपाटात गुंडाळलेली लांबलचक बंदूक निघाली. उभी धरली तर नळीचं तोंड माझ्या छातीला लागतं. दस्त्याला पितळेच्या पट्ट्या, एक घोडा, चाप थोडा आखडलाय पण हलतो. गज नळीखाली तसाच अडकवलेला आहे. वडील म्हणतात पणजोबांची, पोर्तुगीज काळात तिचा कागदही होता. आता कागद कुठला! वाळवीनं पेटीसकट खाल्ला.

प्रश्न तीन.
एक, चुलतभाऊ म्हणतो शंभर वर्षांच्या वरची बंदूक अँटिक, तिला लायसन्स लागत नाही. त्यानं यूट्यूबवर पाहिलंय.
दोन, कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत) डुकरांनी आणि माकडांनी उच्छाद मांडलाय. ही साफसूफ करून पीकरक्षणाला चालेल का?
तीन, मुंबईचा एक माणूस व्हॉट्सॲपवर फोटो मागतोय, किंमत बरी देतो म्हणतोय. देऊ का?

---

कायद्याचं_बोला

तिसऱ्याचं उत्तर आधी, कारण त्यात तुम्ही लवकर अडकाल. फोटो पाठवू नका, भाव करू नका. परवान्याशिवाय शस्त्र विकणं शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ खाली येतं, आणि त्याची शिक्षा नुसतं बाळगण्यापेक्षा कितीतरी जड आहे. त्याच कलमात दुरुस्ती आणि चाचणीसुद्धा आहे. म्हणजे गावच्या लोहाराकडे नेऊन घोडा नीट करून घेतलात तर तुम्ही आणि लोहार दोघेही गोत्यात.

आता चुलतभाऊ. त्याचा व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतला असणार. तिथे १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टप्रमाणे १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक अँटिक, संपला विषय. आपल्याकडे अशी सालाची रेघ नाही. आपला कायदा बंदुकीला वय विचारत नाही, ती उडते का एवढंच विचारतो.

कलम ४५(सी) मध्ये सूट आहे ती अशी: जुन्या धाटणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकळीला आलेलं शस्त्र, जे दुरुस्त करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येत नाही. यातलं "दुरुस्त करून" लक्षात ठेवा. आज उडत नसेल, पण निपल (टोपी बसवायचं नळीमागचं छोटं बोंड) बदलली आणि स्प्रिंग घातली की उडेल, तर सूट नाही. तुमचा चाप हलतोय, घोडा जाग्यावर आहे, नळी शाबूत आहे. ही बंदूकच.

विनापरवाना बाळगल्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि जास्तीत जास्त ५ वर्षं, वर दंड.

---

जुनाबाजार

वकीलसाहेब, थोडा वाद घालतो. कलमात "किंवा" दोनदा आहे. पुराणवस्तू म्हणून मोल असलं की बास, "वापरता येत नाही" ही अट फक्त मोडक्या शस्त्राला, असंही वाचता येईल ना? मी जुन्या वस्तूंच्या बाजारात फिरतो, तिथे सगळे असंच सांगतात.

---

कायद्याचं_बोला

बाजारात सांगणारे विकून मोकळे होतात, पंचनामा घेणाऱ्याच्या घरी होतो.

तुमच्या वाचनाला खोडून काढायला शस्त्र नियम २०१६ पुरेसे आहेत. त्यांच्या पहिल्या परिशिष्टात चौथा वर्ग आहे: कलम ४५(सी) नुसार वगळलेली सोडून इतर दुर्मीळ आणि ऐतिहासिक शस्त्रं. जुनेपणामुळेच सूट मिळत असती तर हा वर्ग रिकामाच राहिला असता. वर्ग आहे, म्हणजे जुनी पण चालू शकणारी शस्त्रं कायद्याच्या आत आहेत. २०२० च्या दुरुस्तीनं दुर्मीळ वर्गातलं शस्त्र नुसतं बाळगायला परवाना नको असं झालं, पण ते वापरायला किंवा कुठे न्यायला परवाना लागतोच, आणि माळ्यावरची कुठलीही बंदूक त्या वर्गात बसते असं नाही.

आणि व्यवहारात काय होतं ते ऐका. पोलीस बंदूक जप्त करतात, न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवतात, तिथला तज्ज्ञ लिहून देतो की चालते की नाही. तो अहवाल येईपर्यंत तुम्ही तारखांना हजर. अहवाल बाजूनं आला तरी मधली वर्षं कोण परत देणार?

---

तोडेवाला

कायदा चालू द्या, मी जरा बंदुकीकडे बघतो. सत्तरीचो_पूत, घोडा पुढे खाली पडतो आणि नळीच्या मागच्या टोकाला छोटी बोंडासारखी निपल आहे का? असेल तर ही टोपीची बंदूक, म्हणजे केप (ठिणगी पाडणारी छोटी टोपी) लावून उडवायची. निपल नसून बाजूला भोक आणि छोटी वाटी असेल, घोड्याच्या तोंडात गारगोटी धरायचा चिमटा असेल, तर चकमकीची. तोड्याची असेल तर घोड्याऐवजी जळती वात धरणारा सापासारखा वाकडा दांडा. धक्क्यानं पेटणाऱ्या दारूचं पेटंट फॉर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्रीनं १८०७ मध्ये घेतलं आणि टोप्या त्यानंतर आल्या. म्हणजे टोपीची असेल तर तिची यंत्रणा १९व्या शतकाच्या आधीची नक्की नाही. पण "म्हणून ती १८५० ची" असंही ठरत नाही, कारण ठासणीच्या टोपीच्या बंदुका भारतात आजही बनतात. चांगली जुनी दिसणारी बंदूक पणजोबांनी १९३० साली घेतलेली असू शकते.

नळीच्या मागच्या बाजूला शिक्के बघा. लंबगोलात ई, एल, जी अशी तीन अक्षरं असतील तर बेल्जियमच्या लीएज शहराच्या चाचणीचा शिक्का आहे. फक्त बघा, घासू नका. पॉलिश पेपर मारून गंज आणि शिक्का दोन्ही घालवणारे महाभाग मी पाहिलेत.

आणि गोव्याच्या माणसानं या विषयात मान खाली घालायचं कारण नाही. १५१० ला गोवा शहर घेतल्यावर पुढच्या तीन वर्षांत पोर्तुगीज सेनापती आल्बुकेर्कनं आपल्या राजा मानुएलला इथल्या कारागिरांच्या बंदुका नमुन्यादाखल पाठवल्या आणि त्या बोहेमियाच्या तोडीच्या आहेत असं कळवलं. बोहेमिया म्हणजे आजच्या चेक देशातला, त्या काळी बंदुकांसाठी नावाजलेला प्रदेश. १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर जपानच्या तानेगाशिमा बेटावर ज्या तोड्याच्या बंदुका उतरल्या, त्यांची यंत्रणा युरोपातल्या तेव्हाच्या बंदुकांपेक्षा गोवा-मलाक्का घडणीला जवळची, असं शस्त्रांचे अभ्यासक मांडतात. रायबंदरहून जुन्या गोव्याकडे जाताना पणेली लागतं, तिथे बंदुकीच्या दारूचा सरकारी कारखाना होता, कासा द पोल्वोरा. आज किती जणांना माहीत असेल?

सत्तरीबद्दल तर बोलायलाच नको. १८५२ ला दीपाजी राणेंनी पोर्तुगिजांविरुद्ध उठून नाणूसचा किल्ला घेतला, तेव्हा गावागावातल्या अशाच बंदुका बाहेर पडल्या असतील. तुमच्या पणजोबांच्या बंदुकीचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही, पण सत्तरीच्या माळ्यावर बंदूक सापडणं यात नवल काही नाही.

---

माटोळी

तोडेवाला, तुमचा प्रतिसाद वाचून आमचे बाबा खूश. ते म्हणतात लिहीत राहा. पण त्या बिचाऱ्याला सांगा तरी, ती भरलेली असली तर?

---

तोडेवाला

माटोळीबाय, हे आधी सांगायला हवं होतं. धागाकर्ते, नळीसमोर उभं राहू नका, घोडा ओढून बघू नका. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. घरात ऐनवेळी हाताशी असावी म्हणून बार भरून ठेवायची जुन्या लोकांना सवय होती.

भरलेली आहे का ते बघायची रीत सोपी आहे. घोड्याला हात न लावता, नळी कुणाकडे न रोखता, एक सरळ लाकडी काठी हलक्या हातानं नळीत तळापर्यंत सोडायची. तोंडाशी काठीवर खूण करायची. मग काठी बाहेर काढून नळीच्या बाहेरून धरायची. खूण तोंडाशी ठेवली की काठीचं दुसरं टोक निपलपर्यंत पोचायला हवं. चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. बार असेल, नाहीतर चिखलमाशीचं घर. तुम्ही ठरवत बसू नका. आत काही असेल तर पुढे काही करायचं नाही, गजानं उकरायचं तर मुळीच नाही. पोलिसांना सांगताना "भरलेली असू शकते" असं स्पष्ट सांगा.

---

कुळागरी_धारबांदोडा

दुसऱ्या प्रश्नावर मी बोलतो. आमच्याकडे पीकरक्षणाची ठासणीची बंदूक रीतसर परवान्यावर होती, काकांच्या नावावर. म्हणून ऐकीव सांगत नाही.

पात्रांव, ती बंदूक म्हणजे कटकट. रात्री डुक्कर येतं, तुम्ही बॅटरी मारता, बार काढता. काळ्या दारूचा धूर एवढा, आणि रात्री ठिणगीचा झोत एवढा, की पुढचा अर्धा मिनिट तुम्हाला काही दिसत नाही. लागलं की नाही कळत नाही. पुन्हा भरायचं म्हणजे दारू ओता, चिंधी ठासा, छर्रे घाला, पुन्हा ठासा, टोपी बसवा. तेवढ्यात डुक्कर शेजारच्या गावात. लागून जखमी झालं असेल तर त्याहून वाईट, कारण सकाळी गवतात ते तुमच्या आधी तिथे बसलेलं असतं. छर्‍याचा मार तीस-पस्तीस मीटरपर्यंत खरा, त्यापुढे देवाचं नाव.

आणि आपला पाऊस! डुकरं भात खायला येतात भाद्रपद-आश्विनात. हवा दमट, दारू दमट, टोपी फुसकी. चाप ओढला की टक्, नुसता आवाज. त्यातही फसवा प्रकार असा की कधी बार लगेच न जाता क्षणभरानं जातो. काका म्हणायचे, टक् झालं की नळी तशीच समोर धर आणि मनात मारुतीस्तोत्र म्हण.

बार काढल्यावर त्याच दिवशी गरम पाण्यानं नळी धुवायची, पुसायची, तेल लावायचं. काळ्या दारूची राख निम्म्याच्या वर घन असते, पाणी धरते, लोखंड खाते. एक रात्र आळस केला की जूनमध्ये नळीच्या आत लाल पूड. विलायती बिनधुराच्या दारूत एवढी पंचाईत नसते, पण ती दारू चुकूनही ठासणीच्या नळीत घालायची नाही. तिचा दाब वेगळा, नळी फाटते, हात जातो.

---

रगाडो

मग पीकरक्षणाला परवाना देतातच कशाला?

---

कायद्याचं_बोला

कलम १३ मध्ये तसं स्पष्ट आहे. खऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली तर परवाना देण्याकडे कायद्याचा कल आहे, आणि ठासणीची पुरणार नाही असं वाटलं तर अधिकारी साधी नळीची काडतुसी बंदूक मंजूर करू शकतो. हे १९५९ चं लिखाण आहे. तेव्हा आजचा वन्यजीव कायदा नव्हता.

१९७२ ला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आला आणि चित्र उलटं झालं. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत (संरक्षित जनावरांच्या यादीत) आहे, गवा आणि मोर त्याहून कडक पहिल्या. पिकाचं नुकसान करणाऱ्या दुसऱ्या अनुसूचीतल्या जनावराला मारायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यानं नेमलेला अधिकारी देऊ शकतो, कलम ११ खाली, लेखी, कारण नोंदवून. ती हातात नसताना डुक्कर मारलं तर शिकारच.

आणखी एक कलम आहे ज्याची गोव्यात फार कमी जणांना कल्पना असते, ३४. अभयारण्यात किंवा त्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकानं मुख्य वन्यजीव रक्षकाकडे किंवा त्यानं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे नाव नोंदवायचं असतं, आणि त्या १० किलोमीटरांत नवीन शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय देता येत नाही. आता नकाशा काढा. म्हादई, भगवान महावीर, बोंडला, नेत्रावळी, खोतीगाव. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण जवळजवळ सगळे आत. वर चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य. त्याच्यापासून १० किलोमीटरांत तर पणजीचं मार्केटसुद्धा येतं!

---

म्हापशेकार

म्हणजे मोर शेतात नाचतो आणि आपण टाळ्या वाजवायच्या. २०१६ ला आपल्याच सरकारनं मोराला आणि गव्याला उपद्रवी यादीत घालायचा विचार बोलून दाखवला होता, आठवतंय का? देशभर बोंब झाली. दिल्लीच्या लोकांना मोर फक्त नोटबुकाच्या कव्हरवर माहीत.

आणि कर्नाटकातल्या कोडगूच्या लोकांना बरं परवान्याशिवाय बंदूक ठेवता येते! त्यांची परंपरा ती परंपरा, आमची काय?

---

कायद्याचं_बोला

कोडगूची सूट ब्रिटिशांच्या काळापासून चालत आलेली आहे. कोडवा समाज आणि जम्मा (वंशपरंपरेनं आलेल्या) जमीनधारकांना केंद्राच्या अधिसूचनेनं परवान्यातून सवलत मिळते, २०१९ मध्ये ती १० वर्षांसाठी वाढवली, आणि कर्नाटक उच्च न्यायालयानं २०२१ ला ती ग्राह्य धरली. गोवा त्या काळात ब्रिटिशांकडे नव्हताच, त्यामुळे आपल्याकडे तसा वारसा नाही. आणि त्यांनाही सूट बंदूक बाळगायला आहे, डुक्कर मारायला नाही.

केरळनं २०२२ मध्ये वेगळी वाट काढली. पंचायत प्रमुखांना अधिकार दिले, आणि परवानाधारक बंदूकवाल्यांकरवी शेतात शिरणारी रानडुकरं मारायची सोय केली. गोव्याला मागायचंच असेल तर ते मागावं. घराघरातल्या माळ्यावरच्या बंदुकांनी काही होणार नाही.

---

कुळागरी_धारबांदोडा

+१. आणि आपल्याकडे पारधीला गेलेल्याला सोबत्याचीच गोळी लागल्याच्या बातम्या येतात, त्या विसरू नका. अंधारात झुडूप हललं की प्रत्येकाला डुकरच दिसतं. त्यातल्या किती बंदुका परवान्यावरच्या असतात, तुम्हीच सांगा.

मी आता सौर कुंपण घातलंय. पहिल्या वर्षी तारांखालचं गवत कापायचं राहिलं, करंट उतरला आणि डुकरं आत आली. गवत कापत राहिलं तर काम करतं. विभागीय कृषी कार्यालयात कुंपणाच्या अनुदानाची चौकशी करा. माकडांना मात्र कुंपण म्हणजे झोपाळा. त्यांच्यासाठी कुत्रा आणि माणूस, तिसरा उपाय मला तरी सापडलेला नाही.

पाइपमधल्या कार्बाइडच्या गनच्या भानगडीत कुणी पडू नका. २०२५ च्या दिवाळीत भोपाळकडे मुलांचे डोळे गेले त्यानं.

---

बंडो_फोंडेकर

मी वेगळं विचारतो. जनावर सोडा. आमचं घर गावाबाहेर एकटं आहे. चोरांसाठी अशी एक बंदूक भिंतीवर असली तर धाक राहतो ना? आणि घरच्या घरी दारू करायची कृती कुणाकडे आहे का? सोरा मिळतो म्हणतात.

---

संपादक

बंडो_फोंडेकर, तुमच्या प्रतिसादाखाली आलेला कृतीचा प्रतिसाद उडवला आहे. दारू, टोप्या, छर्रे बनवण्याची किंवा कुठे मिळतात याची माहिती इथे देऊ नये. पुन्हा दिसल्यास धागा बंद होईल. बाकी चर्चा चालू ठेवा.

---

तोडेवाला

संपादकांना धन्यवाद. बंडोभाऊ, चोर समोर उभा आहे आणि तुम्ही दारू मोजून ओतताय, असं डोळ्यांसमोर आणा. भरून ठेवली तर घरातल्या पोरांसाठी ती चोरापेक्षा घातक. एक बार गेला की तुमच्या हातात एक लांब लोखंडी दांडा उरतो, आणि दांडाच हवा असेल तर त्याला परवाना लागत नाही.

दारूचं म्हणाल तर स्फोटकांचा कायदा १८८४ चा आहे आणि तो वेगळा बसतो मानगुटीवर. रीतसर परवाना असलेल्यालाही एका वेळी किती दारूगोळा जवळ ठेवायचा ते परवान्यावर लिहिलेलं असतं.

---

स्विंडनवासी

इंग्लंडहून लिहितोय, मूळचा डिचोलीचा. इथे कायद्यात खरंच जुन्या बंदुकीला जागा आहे, पण गंमत बघा. १ सप्टेंबर १९३९ च्या आधी बनलेली आणि जुन्या पद्धतीनं पेटणारी बंदूक शोभेची वस्तू किंवा कुतूहल म्हणून घरात ठेवायला सर्टिफिकेट लागत नाही. २०२१ मध्ये नियम घट्ट केले तेव्हा ही तारीख कायद्यात आली. पण तीच बंदूक उडवायची ठरवली की ती शोभेची राहत नाही. साध्या नळीच्या ठासणीच्या बंदुकीला शॉटगन सर्टिफिकेट, आणि काळी दारू ठेवायला पोलिसांचं वेगळं स्फोटकांचं प्रमाणपत्र. नवीन बनवलेल्या हुबेहूब नकलेला तर पहिल्या दिवसापासून सर्टिफिकेट लागतं.

आमच्या इथे एका क्लबात काळ्या दारूच्या स्पर्धा होतात. २५, ५० आणि १०० मीटरवर कागदी लक्ष्य. लोक एकेक बार चहा पीत पीत भरतात, कुणाला घाई नसते. खेळ म्हणून झकास आहे. कुणी एकानंही मला "याचा उपयोग काय" असं विचारलेलं नाही.

सुट्टीत गोव्याला येताना "भेट" म्हणून असली वस्तू सामानात टाकू नका, आणि इथून गेलेल्यांनी आजोबांची तिकडून इकडे आणू नका. १०० वर्षांच्या वरची वस्तू पुराणवस्तू कायदा १९७२ खाली येते, खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

---

म्हापशेकार

परवाना असलेल्यांचे हाल कोण ऐकतं? आमची दुनळी, वडिलांची. निवडणूक जाहीर झाली की पोलीस ठाण्यात जमा करा. एकदा परत आणली तर नळीवर बोटभर गंज आणि दस्त्यावर कुणीतरी नंबर कोरलेला. ठाण्याचं नाव घेत नाही, पण हवालदार म्हणतो "जागा नाही, पावसात थोडा ओलावा येतोच".

---

कायद्याचं_बोला

सरसकट सगळ्यांकडून जमा करून घेण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेलेला आहे. आता छाननी समिती असते, तिनं व्यक्ती बघून ठरवायचं असतं. पीकरक्षणाचं किंवा दुसरं खरं कारण असेल तर लेखी अर्ज करा. जमा करताना पावतीवर बंदुकीची स्थिती लिहून घ्या, समोर फोटो काढा. आणि परवानाधारक अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडेही जमा करता येते, त्याचं भाडं पडेल पण तेल लावून ठेवतो.

तुमच्या वडिलांचं वय किती? ७० पूर्ण असेल किंवा बंदूक २५ वर्षं त्यांच्या नावावर असेल तर ते हयातीतच वारसाच्या नावे करू शकतात, २०१६ च्या नियमांत सोय आहे. मात्र २०१९ पासून माणशी दोनच शस्त्रं, वारसाहक्कानं आली तरी.

---

सत्तरीचो_पूत

सगळ्यांचे आभार. वाचून रात्री झोप नाही लागली, खरं सांगतो. तोडेवाला, घोडा आहे, निपल आहे, टोपीचीच. शिक्के गंजाखाली आहेत, घासले नाहीत. काठी अजून घातलेली नाही. वकीलसाहेब, आता मी नेमकं काय करू? पोलिसांकडे गेलो आणि त्यांनी मलाच धरलं तर? वडील म्हणतात विहिरीत टाक, संपव. पण पणजोबांची म्हणून जीव अडकतो.

---

कायद्याचं_बोला

विहिरीत टाकू नका. उद्या गाळ काढताना ती वर येईल तेव्हा गोष्ट आणखी वाईट दिसेल. कापून तुकडे करणं, नळीत वेल्डिंग ओतणं, हेही स्वतः करू नका.

असं करा. वाळपईतला किंवा पणजीतला फौजदारी बघणारा वकील धरा. त्याच्याकडून जिल्हाधिकाऱ्यांना आणि पोलीस ठाण्याला एकाच दिवशी अर्ज: घर दुरुस्त करताना अमुक तारखेला अमुक ठिकाणी सापडली, वापरलेली नाही, भरलेली असण्याची शक्यता आहे, ताब्यात घ्यावी. कौलं परतणाऱ्या कामगारांपैकी एकाची सही साक्षीदार म्हणून. कलम २१ खाली बेकायदा झालेलं शस्त्र विनाविलंब जमा करायची वाट आहेच. स्वतःहून, लेखी, लगेच, या तीन गोष्टींनी हेतू दिसतो. अर्ज दिल्यावर पोलिसांनी येऊन न्यावी असं सुचवा, तुम्ही गाडीत घालून रस्त्यानं नेऊ नका.

दुसरं, गोवा मुक्तीनंतर आजोबांच्या नावावर परवाना घेतला होता का ते जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत विचारा. जुनी रजिस्टरं असतात. नोंद सापडली तर वारसाचा मार्ग उघडतो. पोर्तुगीज कागद सापडला असता तर पूर्वापार घरात होती हे दाखवायला कामाला आला असता, परवाना म्हणून नाही.

जीव अडकतोय म्हणता तर दोन वाटा आहेत. तज्ज्ञाचा अहवाल "वापरता येणार नाही" असा आला तर ती ४५(सी) मध्ये बसते आणि परत मागता येते. तो अहवाल मग फ्रेम करून बंदुकीशेजारी लावा, कारण उद्या नवीन पोलीस निरीक्षक येईल तेव्हा तोच दाखवायचा. नाहीतर राज्य संग्रहालयाकडे देण्याची इच्छा अर्जातच लिहा, पणजोबांच्या नावासह.

---

जुनाबाजार

संग्रहालयात गोदामात पडेल हो.

---

तोडेवाला

गोदामात पडली तरी नोंद राहते, गाव राहतं, नाव राहतं. तुमच्या बाजारात ती "मराठा काळातली दुर्मीळ" होऊन जयपूरच्या हॉटेलच्या भिंतीवर जाईल आणि सत्तरी कुणाला आठवणार नाही. सत्तरीचो_पूत, देण्याआधी वडिलांना बसवून त्यांना आठवतं तेवढं लिहून घ्या. कुणी घेतली, कुठून आली, कुठल्या सणाला बाहेर काढायचे. दसऱ्याला पूजा होत असे का?

---

सत्तरीचो_पूत

होत असे म्हणतात. दसऱ्याला पुसून, गंध लावून, अंगणात ठेवायचे. बाबांच्या लहानपणीच बंद झालं. का ते त्यांना माहीत नाही, आजी म्हणे एकदा भयंकर चिडली होती.

वकील धरलाय. अर्ज दोन्हीकडे गेला, शिक्क्याच्या प्रती घेतल्या. पोलीस आले, चांगले वागले. त्यांच्यातल्या एका वयस्क शिपायानं काठी घालून बघितलं आणि म्हणाला, आत आहे. सगळे अंगणातून मागे सरकलो. मग त्यांनी वरून नळीत पाणी सोडून ठेवलं आणि ओलं फडकं गुंडाळून जीपमध्ये नेली. पंचनाम्याची प्रत माझ्याकडे आहे. आता प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट. चुलतभावाला धाग्याची लिंक पाठवलीय, अजून निळी खूण आलेली नाही.

---

माटोळी

देव बरें करूं! भरलेली होती, बघा!

---

बंडो_फोंडेकर

अभिनंदन. माझ्याकडे आजोबांची एक तलवार पण आहे, तिला—

---

संपादक

तलवारीसाठी वेगळा धागा काढा.